कडबनवाडीच्या माळावर एक दिवस: सफारी, गाईड आणि मुंबईहून नेणारी सहल

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या बाजूचं. लग्न होऊन भांडुपला आले त्याला छत्तीस वर्षं झाली. महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. हे आधीच सांगते, कारण कडबनवाडीच्या माळरान सफारीला मी कोरी पाटी घेऊन गेले नव्हते. मुंबईची माणसं आता पैसे भरून ज्या माळावर लांडगा बघायला जातात, तसल्याच माळावर माझे वडील, आमचे आण्णा, बंदूक घेऊन तितरामागे फिरायचे.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी रात्री निघून रविवारी रात्री परत, अशी सहल होती. बरोबर लेकीची लेक, सहावीतली. मुंबईतल्या एका सहल कंपनीकडे नाव नोंदवलं, माणशी ४,२०० रुपये. सफारी वनविभागाची, गाईड तिथल्याच गावचा. कंपनीचा अनुभव एक, सफारीचा आणि गाईडचा अगदी वेगळा, म्हणून दोन्ही एका तराजूत घालत नाही.

कंपनीबद्दल आधी सांगून मोकळी होते. मैत्री पार्कला रात्री अकराला उभं राहायला सांगितलं होतं, गाडी आली बाराला दहा कमी असताना. एवढ्या वेळात एकही फोन नाही. हायवेच्या कडेला, रात्रीच्या वेळी, लहान मुलीला घेऊन बाई माणसाने पाऊण तास उभं राहायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. गाडी सतरा सीटची, माणसं बारा, बसायला आराम होता. ड्रायव्हर जबाबदार होता. घाटात आणि पुढे सोलापूर रस्त्यावरही त्याने कुठे घाई केली नाही, पाच वाजायच्या आत भिगवणला चहा हातात आला. जाहिरातीत ‘दुर्बीण दिली जाईल’ असं होतं. दिल्या चार, माणसं बारा. त्यातल्या एकीच्या काचेत बुरशी धरलेली. काच उजेडासमोर धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, तीच ती. मुंबईच्या पावसाळ्यात दुर्बीण कपाटात तशीच ठेवली की हे होतंच. घरी असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि अशा सहलीला आपलीच न्या. आठ पटीची पुरते. दहा पटीची गाडीत हातात थरथरते आणि उडता पक्षी तिच्यात सापडतच नाही.

पण माझी खरी तक्रार उशिराची नाही, दुर्बिणीचीही नाही. जाहिरातीत ठळक अक्षरात छापलं होतं: ‘लांडगा हमखास!’ हे कोणी छापू नये. का ते पुढे येईलच.

आता माळाबद्दल. पुणे वनविभागाने २०२४ साली दोन ठिकाणी माळरान सफारी सुरू केली, इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ. नोंदणी ऑनलाइन होते आणि गाईड म्हणून गावातलीच पोरं असतात. आमची मोठी गाडी बाहेर राहिली, आम्ही दोन लहान गाड्यांत विभागलो. साडेसहाला आत शिरलो तेव्हा अजून झुंजुमुंजू होतं. थंडी अशी की नात माझ्या शालीत शिरून बसली. मुंबईचे स्वेटर तिथे पुरत नाहीत, कानटोपी न्याच.

बरोबरच्या एका गृहस्थांनी खाली बघून विचारलं, “जंगल कुठून सुरू होतं?” त्यांचा दोष नाही. आपल्याला जंगल म्हणजे बोरिवलीचं माहीत, झाडं दाटलेली. इथे डोंगर नाही, सावली नाही. गुडघाभर पिवळं गवत, मधूनच बोर, हिवर, तरवड, मुरमाड उतार आणि वर आभाळच आभाळ. शाळेत आम्हीसुद्धा याला ‘पडीक जमीन’ म्हणायला शिकलो. सरकारी कागदातही बऱ्याच ठिकाणी हाच शब्द होता. पडीक म्हटलं की कोणालाही ती वापरात आणावीशी वाटते. कोणी झाडं लावतं, कोणी कारखाना मागतं, पाणी पोचलं की कोणी ऊस लावतं. आमच्या आण्णांच्या वेळचा निम्मा माळ माझ्या डोळ्यांदेखत उसाखाली गेला. उजनीचं पाणी आलं, घरात पैसा आला. त्याबद्दल कोणाला नावं ठेवायला मी बसले नाही, माझं शिक्षण त्याच पैशावर झालं. पण माळ पडीक नव्हता. तो भरलेला होता, एवढं मात्र मी आता ठामपणे सांगेन.

आमचा गाईड तिशीच्या आतला, हिरवं जाकीट, पायात साधे बूट. मला पहिल्या वाक्यापासून ‘मावशी’ म्हणाला. गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावलं आणि म्हणाला, “आता दहा मिनटं कुणी बोलू नगा. आधी ऐकायचं.” बारा मुंबईकरांना दहा मिनिटं गप्प बसवणं सोपं काम नाही, पण त्याने ते करून दाखवलं.

आणि मग तितर बोलला. आधी एक, लांब, डाव्या हाताला. ‘क-तीतर, तीतर, तीतर’. त्याला उत्तर दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, बघता बघता सगळा उतार वाजायला लागला. या पक्ष्याचं नाव त्याच्याच आवाजावरून पडलंय, हे तिथे बसलं की कोणाला सांगावं लागत नाही. मी हा आवाज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी असा भरून ऐकला. डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही.

आण्णांकडे बारा बोअरची एकनळी होती, परवान्याची. १९७२चा वन्यजीव कायदा आला तेव्हा मी पाच वर्षांची. त्या कायद्यातही लहान शिकारीचा परवाना सुरुवातीला मिळत असे, तो पुरता बंद झाला १९९१च्या दुरुस्तीने. तोवर आण्णांनी बंदूक केव्हाच जमा करून टाकली होती. पण माझ्या लहानपणी, थंडीच्या दिवसांत, पहाटे ते आणि चुलते बांधाबांधाने निघायचे. परत आले की पट्ट्याला दोन-तीन तितर लटकलेले. आई कांदा-खोबरं भाजून काळ्या मसाल्यात रस्सा करायची. जेवताना दाताखाली छर्रा आला की आम्ही तो ताटात टाकायचो, पितळी ताटात टण्‌ करून वाजायचा. ज्याच्या वाट्याला छर्रा जास्त त्याची भावंडांत शान. आण्णा म्हणायचे, “तितर पायानं वाचतं, पंखानं मरतं.” म्हणजे ते आधी पळतं, शेवटपर्यंत पळतं, उडायचं टाळतं. उडालं की बंदुकीसमोर आलं. गाईडला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, “अजून तसंच हाय मावशी. फक्त आता बंदुकीच्या जागी ससाणा नायतर मोरघार.”

त्याचं बोलणं खरं ठरायला अर्धा तासही लागला नाही. गाडी गवताच्या कडेने अगदी चालीच्या वेगाने जात होती. त्याने हात वर केला. उजव्या चाकापासून फार तर दोन हातांवर, बोरीच्या बुडाशी, तितर दबून बसला होता. मी तो पाहिला नसता. नातीने पाहिला. एवढ्या जवळून जिवंत तितर मी आयुष्यात बघितला नव्हता, बघितले ते पट्ट्याला लटकलेले. पाठीवर तपकिरी, राखी, पिवळसर अशा बारीक रेघा, एकावर एक, वाळक्या गवताची काडी न्‌ काडी जणू तिथे उतरवून घेतलेली. गळा फिकट पिवळा, त्याच्याभोवती काळ्या ठिपक्यांची कडी, माळेसारखी. पाय लालसर. डोळा उघडा, पापणीही हलत नव्हती. श्वासाने छातीची पिसं तेवढी हलत होती.

तो आम्हाला भिऊन दबला असं मला वाटलं. पण गाईडने बोट वर केलं. गवताच्या शेंड्यांवरून, जेमतेम दोन माणूस उंचीवर, भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी येत होता. नर, राखाडी, पंखांची टोकं काळी. पंख वर उचलून धरलेले, एकदा डावीकडे कलायचा, एकदा उजवीकडे. आवाज काडीचा नाही. हे पक्षी थंडीला मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतात, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत राहतात आणि रात्री झाडावर नाही तर जमिनीवर गवतातच झोपतात, पुष्कळ जण एकत्र. म्हणजे गवत तोडलं, पेटवलं, नांगरलं की त्यांचं घरच गेलं. तो आमच्यासमोरून गेला, वळला, पुन्हा तीच पट्टी चाळून गेला. शेतकरी नांगराची एक ओळ पुरी करून दुसरी कशी घेतो, तसा. बहुतेक वेळा त्याला नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी मिळतात, मोठा तितर क्वचितच. पण तितराने हिशेब करत बसायचा नसतो, दबायचं असतं. भोवत्या दूर गेल्यावर पुरी दोन मिनिटं तितर तसाच होता. मग उठला, अंग झाडलं आणि तुरुतुरु पळत बोरीमागे गेला. उडाला नाही. आण्णांची आठवण आली.

माझ्या मते सबंध सफारीचं मोल या पाच मिनिटांत होतं. पण आमच्या गाडीतल्या दोघांनी तेवढ्यात विचारून घेतलं, “लांडगा कधी?” तो ‘हमखास’ शब्द डोक्यात घेऊन आलेली माणसं तितराकडे बघतच नाहीत.

लांडगा दिसला. आठ वाजून गेले होते, ऊन तापायला लागलं होतं. खरं तर तोही तितरांमुळेच दिसला. समोरच्या उतारावर एक जोडी सारखी बोलत होती, ती एकाएकी गप्प झाली. गाईड म्हणाला, “थांबा. तितर गप झालं म्हंजी कोणतरी आलंय.” आधी आम्हाला वाटलं खोकड असेल, कारण थोड्या वेळापूर्वी एक खोकड दिसलं होतं. कोल्ह्याच्याच कुळातलं, मांजराहून जरासं मोठं, झुपकेदार शेपूट, शेपटीचं टोक काळं. पण हे मोठं होतं. गवताच्या रंगाचाच, उंच पायाचा, सडपातळ प्राणी कडेकडेने निघाला. मागून दुसरा. दुर्बिणीतून तोंड दिसलं. कुत्र्यासारखं म्हणवेना. चालण्यात लाचारी नव्हती, घाई नव्हती. एकाने थांबून आमच्याकडे बघितलं आणि बघणं संपल्यावर पुढे निघाला. सगळं मिळून तीन मिनिटं असेल, अंतर दोनशे-अडीचशे मीटर.

साहजिकच गाडीत गडबड सुरू झाली. एकाला मोबाईलमध्ये फोटो हवा होता. “जरा पुढे घ्या ना, रस्ता सोडून पन्नास मीटर.” गाईडने सरळ नाही म्हटलं. तो म्हणाला, “ह्या दिवसांत त्यांची पिल्लं असत्यात. आपण जवळ गेलो की ती मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं हलवणार. रस्त्यात कुत्री गाठत्यात.” त्या गृहस्थांनी पैसे भरल्याचं बोलून दाखवलं. तरुण पोरगा, समोर शहरातली माणसं, तरी आवाज न चढवता तो म्हणाला, “पैसं माळ बघायचं घेतल्यात साहेब, लांडग्याचं न्हाई.” मी नर्सची नोकरी आयुष्यभर केली. पेशंटच्या नातेवाइकांना आत येऊ न देता, पण त्यांना न दुखावता दाराशी थांबवणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. या पोराला ते जमतं.

लांडग्याची भीती आपल्याला गोष्टींतून बसते. प्रत्यक्षात भारतात लांडग्यांची संख्या एका अभ्यासानुसार तीन हजार शंभरच्या आसपास आहे. वाघांइतकीच म्हणा ना. फरक असा की वाघाला राखीव जंगल मिळालं, लांडगा मात्र जास्त करून असल्या उघड्या माळावर, गावांच्या मध्ये, मेंढरांच्या वाटेवर राहतो. आता त्याच्यापुढे नवीन संकट भटक्या कुत्र्यांचं आहे. पुण्याच्या बाजूच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसून आलं आहे. कुत्र्यांचे रोगही त्याला लागतात. गाईडने एक कुत्र्यांचं टोळकं दाखवलं, सात होती, गावाच्या कचऱ्यावर पोसलेली. तितराची अंडी-पिल्लं जमिनीवर असतात, ती यांच्या तोंडी आधी पडतात. हे तो सांगत असताना दोन-तीन जण मोबाईल बघत होते. मला वाटलं, हेच तर ऐकायचं होतं.

परत फिरताना पाऊलवाटेच्या धुळीत त्याने तरसाचे ठसे दाखवले. पुढचा पंजा मोठा, मागचा लहान, हे तरसाचं लक्षण. नातीने आपला हात बाजूला ठेवून मापून बघितलं. तिने विचारलं, “दादा, माळढोक दिसेल का?” शाळेच्या पुस्तकात तिने त्याचं चित्र बघितलं होतं. तो म्हणाला, “माझ्या आज्यानं बघितला होता.” एवढंच. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी १९७९ साली अभयारण्य झालं, पण आता महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ उरलेलाच नाही. इंग्रजी अमदानीत तो शिकाऱ्यांचा आवडता पक्षी होता. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. नगर इथून फार लांब नाही. एका माणसाने ९६१! आज सबंध देशात मोकळे माळढोक दीडशेही भरत नाहीत. आण्णांच्या पट्ट्याचे तितर मला त्या आकड्यापुढे हलके वाटले, पण हिशेब दोघांचा एकाच वहीत आहे हेही कळलं. मी नातीला दोन्ही गोष्टी सांगितल्या. आण्णांना ती वाईट म्हणाली नाही. ती म्हणाली, “पण त्यांना आवाज माहीत होता ना सगळा.” होता.

माळाच्या बाहेर एका पाणवठ्याजवळ नऊच्या सुमाराला गाडी थांबवली. हा थांबा कंपनीच्या कागदावर नव्हता, गाईडने स्वतःहून घेतला. पाच-सात मिनिटांत दोन-दोन, चार-चार करत पखुर्ड्या आल्या. कबुतराएवढ्या, टोकदार शेपटीच्या, उडताना सारखं बोलणाऱ्या. दिवसभर कोरडं बी खातात म्हणून पाण्याला येणं भागच असतं, आणि वेळ ठरलेली, सकाळ वर आली की. पूर्वीचे शिकारी नेमके याच वेळी पाण्यावर दबा धरायचे. पाण्यावर उतरल्या की आधी लांब बसून राहतात, मग धीर करून काठाशी येतात, घोट घेतात आणि उडतात. पिल्लांच्या दिवसांत यातला नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि तसाच मैलोगणती उडत जाऊन पिल्लांना त्या पिसांतलं पाणी चोखायला देतो. नात हे ऐकून थक्क झाली, आणि खरं सांगते, मीही. माहेर त्याच मातीतलं असून हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिथेच एक धनगर मेंढरं घेऊन आला. त्याला विचारलं, लांडगा मेंढरू नेतो तेव्हा राग येत नाही का? तो म्हणाला, “येतू की. पण त्याचाबी वाटा हाय. न्यायचाच त्यो.” नुकसानभरपाई मिळते, पण पंचनाम्याला मेलेलं जनावर दाखवावं लागतं, आणि लांडगा ते उचलूनच नेतो, असंही तो म्हणाला. मला वाटतं वनविभागाने सफारीच्या कमाईतून सगळ्यात आधी या माणसांचा विचार करावा. माळ टिकला तर तो त्यांच्या चराईमुळे आणि त्यांच्या सोसण्यामुळे टिकेल.

जेवण गावातल्याच एका घरी. बाजरीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, ताक. उत्तम, आणि मोजून नव्हतं. दुपारी भिगवणला बोटीतून रोहित पक्षी दाखवले. छान होते, पण पहाटेपासून जागलेल्या माणसांना ते एवढ्या घाईत दाखवू नयेत. तो एक वेगळा दिवस आहे.

एक प्रसंग परतीचा. हायवेवरच्या एका ढाब्यावर ‘तितर हंडी’ अशी पाटी. गाडीतल्या काहींना उत्साह आला. मी उतरून मालकाला विचारलं. तितर आता वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे, त्याला मारणं, विकणं गुन्हा आहे. तो ओशाळून म्हणाला, “बाई, बटेर आहे, पोल्ट्रीतली. पाटीवर तितर लिहिलं की गिऱ्हाईक येतं.” ताटात बघितलं तर खरंच बटेर होती. ओळखायला सोपं आहे. बटेरीची तंगडी अंगठ्याएवढी असते, तितराची चांगली तलंगीसारखी, म्हणजे कोवळ्या कोंबडीसारखी, आणि नराच्या पायाला मागे आरी, म्हणजे टोकदार काटा, असते. पण पाटी खोटी असली तरी वाईटच. अशा पाट्यांनी मागणी टिकते आणि मग कोणीतरी रात्री नायलॉनचं जाळं घेऊन खरंच माळावर जातो. मी त्याला तेवढं बोलले. त्याने ऐकून घेतलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सुती सलवार, लोकरी मोजे घालू नका. कुसळी गवताची कुसळं अशी रुततात की मी दुसऱ्या दिवशी भांडुपच्या गॅलरीत बसून तासभर उपटत होते. गुळगुळीत कापडाची पँट बरी. भडक रंग नकोत. गाड्या उंच आहेत, चढायला आधार कमी, माझ्यासारखे गुडघे असतील तर प्लॅस्टिकचं छोटं स्टूल न्या. शौचालयाची सोय आत नाही असं धरूनच चाला आणि ती भिगवणलाच उरकून घ्या. जायच्या आधी एक रविवार मुलांना घेऊन काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जा. तिथल्या प्राणी-पक्ष्यांच्या दालनाची सुरुवात १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातून झाली. त्या संस्थेशी जोडलेली पुष्कळ माणसं मुळात शिकारीच होती. आपल्या सलीम अलींचीही पक्ष्यांशी गाठ पडली ती लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीमुळे. ती कुठली जात म्हणून विचारायला ते सोसायटीत गेले आणि तिथलेच झाले. नातीला हे सांगितल्यावर काचेमागच्या पक्ष्यांकडे ती जास्त वेळ बघत उभी राहिली.

पाच ताऱ्यांत सांगायचं तर गाईडला पाच, सफारीला चार, मुंबईच्या कंपनीला दोन. तेही ड्रायव्हरमुळे आणि जेवणामुळे. कंपनीला मी पत्र लिहिलंय की ‘हमखास’ हा शब्द काढा, त्याऐवजी ‘माळ दाखवू’ असं लिहा. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या वेळी मी स्वतः नोंदणी करणार आहे, शिर्सुफळची, पावसाळा सरल्यावर गवत हिरवं असताना. कल्याणहून रात्रीच्या गाडीने दौंड आणि पुढे तिथलीच गाडी, खर्चही कमी येईल.

नातीने त्या दिवशीची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे. तितर, भोवत्या, खोकड, पखुर्डी, तरसाचे ठसे. तितरासमोर तिने ‘चाकाजवळ’ असं लिहिलंय. सगळ्यात खाली लांडगा दोन, आणि त्यांच्यापुढे ‘लांबून’.